गोळीच्या जोडीला सुई : त्रिशाखी मज्जातंतुशूलाच्या उपचारांचा इतिहास

मेंदूपासून निघणाऱ्या मज्जातंतूंच्या बारा जोड्यांपैकी पाचवी जोडी चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंची स्पर्शाची, वेदनेची आणि उष्ण-शीताची जाणीव वाहून नेते. कवटीच्या तळाशी असलेल्या पेशींच्या गाठीतून या मज्जातंतूला तीन फाटे फुटतात. पहिला डोळा व कपाळाकडे, दुसरा गाल व वरच्या जबड्याकडे आणि तिसरा खालच्या जबड्याकडे जातो, म्हणून त्याला त्रिशाखी मज्जातंतू म्हणतात. आधुनिक वैद्यकात ट्रायजेमिनल न्यूराल्जिया या नावाने परिचित असलेला विकार याच मज्जातंतूचा होय. त्यात चेहऱ्याच्या एका बाजूला विजेचा झटका बसावा तशी कळ येते, काही क्षणांपासून फार तर दोन मिनिटांपर्यंत टिकते आणि आली तशी नाहीशी होते. दात घासणे, दाढी करणे, घास चावणे, बोलणे, इतकेच काय, गालावरून वाऱ्याची झुळूक जाणेही ती सुरू व्हायला पुरेसे असते. पन्नाशीनंतरच्या वयात आणि स्त्रियांमध्ये हा विकार अधिक आढळतो. दिवसातून अशा अनेक कळा आल्याने पाणी पिण्याचीही धास्ती घेतलेले रुग्ण वैद्यकाच्या जुन्या ग्रंथांत जागोजागी भेटतात.

या विकाराचा आणखी एक स्वभाव आहे आणि त्याच्या उपचारांचा इतिहास समजून घेताना तोच सर्वांत महत्त्वाचा ठरतो. कळांचे सत्र काही आठवडे किंवा महिने चालते, मग कोणताही उपचार केलेला असो वा नसो, ते अनेकदा आपोआप थांबते. हा विराम महिनोन्‌महिने, क्वचित वर्षानुवर्षे टिकतो आणि मग दुखणे पुन्हा उपटते. साहजिकच विरामाच्या थोडे आधी जो उपाय योजला गेला त्याच्या पदरात यशाचे माप पडले आणि असे माप पडलेल्या उपायांची यादी गेल्या साडेतीनशे वर्षांत फार लांबली. सुईचा उपचार आणि औषधाची गोळी यांची आज जी सांगड घातली जाते तिचे मोल ठरवतानाही हा विराम विसरून चालत नाही.

भारतीय वैद्यकात या दुखण्याशी जवळीक सांगणारे वर्णन सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात सापडते. तेथे सांगितलेल्या अकरा शिरोरोगांपैकी अनंतवात या रोगात दोष मानेला पीडा देऊन डोळे, भुवया आणि शंखप्रदेश म्हणजे कानशिले येथे ठाण मांडतात, गालाच्या बाजूला कंप होतो आणि जबडा जखडतो. आधुनिक आयुर्वेदीय लेखनात अनंतवात म्हणजेच त्रिशाखी मज्जातंतुशूल असे समीकरण सर्रास मांडले जाते. गाल, भुवई आणि जबडा या जागा जुळतात हे खरे. तथापि मानेच्या मागील बाजूची तीव्र पीडा आणि डोळ्यांचे विकार ही अनंतवाताची लक्षणे या मज्जातंतूच्या क्षेत्रात बसत नाहीत, त्यामुळे हे समीकरण अंशतःच मान्य करता येते. उपचार म्हणून सुश्रुताने सूर्यावर्त नावाच्या शिरोरोगाची चिकित्सा, शिरावेध म्हणजे शीर टोचून रक्त काढणे आणि वातपित्तशामक, तुपातला, गोड आहार सांगितला आहे. शिरावेधाच्या आधाराने चिनी सुईचे मूळ भारतात शोधण्याचा मोह काही लेखकांना झालेला दिसतो. अभिमानाच्या पोटी असा मोह होणे समजण्यासारखे असले, तरी रक्त काढण्याची क्रिया आणि बारीक सुई टोचून ठेवण्याची क्रिया यांचे हेतू आणि तंत्र वेगळे असल्याने त्या दाव्याला ठोस आधार नाही.

चीनमध्येही सुईचा उपचार आरंभापासून आजच्या रूपात अस्तित्वात होता असे नाही. मावांगदुई येथील, इ. स. पू. १६८ मध्ये बंद केलेल्या आणि १९७३ मध्ये उत्खननात उघडलेल्या थडग्यातील रेशमी हस्तलिखितांत शरीरातील वाहिन्यांचे वर्णन आहे आणि त्यांवर डाग देण्याचेही आहे, मात्र सुईचा उल्लेख नाही. डाग देण्यासाठी दवण्याच्या कुळातील एका वनस्पतीची वाळवलेली पाने जाळली जात. या उपचाराला पुढे मॉक्सा हे नाव मिळाले. इ. स. पू. ११३ च्या सुमारास मरण पावलेल्या राजपुत्र ल्यू शंग याच्या मानचंग येथील थडग्यात सोन्याच्या व चांदीच्या सुया मिळाल्या आणि साधारण त्याच शतकाच्या आगेमागे संकलित झालेल्या ‘हुआंगदी नेईजिंग’ या ग्रंथात सुईचे शास्त्र विस्ताराने आले. त्या ग्रंथातील नऊ प्रकारच्या सुयांपैकी काहींचा उपयोग रक्त वा पू काढण्यासाठी होत असे, म्हणजे आजची केसासारखी बारीक सुई ही त्या परंपरेची एक शाखा होय. तिसऱ्या शतकात ह्वांगफू मी याने सुई टोचण्याच्या बिंदूंचे व्यवस्थित संकलन केले आणि १०२६-२७ मध्ये सुंग दरबारातील वांग वेईयी याने विद्यार्थ्यांना बिंदू शिकवण्यासाठी काशाच्या मानवाकृती ओतवून घेतल्या. चेहऱ्याच्या दुखण्याला मिंग काळातील ग्रंथांत स्वतंत्र प्रकरण मिळू लागले. तोंड आणि चेहऱ्याच्या सर्व विकारांवर आंगठा आणि तर्जनी यांच्या बेचक्यातील हगू नावाच्या बिंदूचा उपयोग करावा, हे सूत्र पाठांतराच्या पद्यांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आणि ते आजही पाळले जाते.

युरोपात या विकाराची पहिली स्पष्ट नोंद एका वैद्याच्याच दुखण्याची आहे. श्वाइनफुर्ट येथील योहान्नेस लाउरेंटियस बाउश, ज्याने १६५२ मध्ये निसर्गाभ्यासकांची विद्वत्सभा स्थापन केली होती, त्याला आयुष्याच्या अखेरीस उजव्या गालात अशा कळा येऊ लागल्या की त्याला बोलणे व खाणे अवघड झाले. १६६५ मध्ये तो मरण पावला. १६७७ च्या डिसेंबरात तत्त्वज्ञ आणि वैद्य जॉन लॉक याने पॅरिसमध्ये इंग्रज राजदूताच्या पत्नीवर उपचार केले आणि तिच्या कळांचे वर्णन आपल्या वैद्य मित्राला पत्रांतून कळवले. दुखणे दातांचे समजून तिचे दात काढण्यात आले होते आणि त्याने काहीही साधले नव्हते. या विकारातील रुग्णाचा चांगला दात काढला जाण्याची ही शोकांतिका आजही दंतवैद्यांच्या खुर्चीत घडत असते. व्हर्सायचा शल्यवैद्य निकोला आंद्रे याने १७५६ मध्ये या विकाराचे स्वतंत्र वर्णन करून, कळेच्या वेळी चेहरा आचके देतो म्हणून त्याची गणना आकडीच्या विकारांशेजारी केली आणि दाहक द्रव्याने मज्जातंतू जाळण्याचा प्रयत्न केला. लंडनच्या जॉन फॉदरगिल याने १७७३ मध्ये चौदा रुग्णांच्या आधारे त्याचे जे वर्णन मांडले, ते इतके नेमके होते की इंग्लंडात हा विकार त्याच्या नावाने ओळखला जाऊ लागला.

फॉदरगिलने हेमलॉक या विषारी वनस्पतीचा अर्क वापरला आणि पुढच्या शंभर-सव्वाशे वर्षांत औषधांची रीघ लागली : सिंकोनाची साल आणि तिच्यातून काढलेले क्विनीन, अफू, सोमल, बेलाडोना, बचनाग, लोहाचा कार्बोनेट क्षार. लोहक्षाराने बरे झालेल्या रुग्णांच्या हकिगती १८२० च्या सुमारास पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाल्या आणि काही वर्षे त्याचा मोठा बोलबाला होता. या प्रत्येक औषधाच्या बाजूने अनुभवी आणि प्रामाणिक वैद्यांची साक्ष उपलब्ध आहे. त्या साक्षी खोट्या नव्हत्या, त्यांत विरामाचा हिशेब मांडलेला नव्हता एवढेच. शल्यचिकित्सेची स्थिती त्याहून वाईट होती. चेहऱ्याचे स्नायू हलवणारा सातवा मज्जातंतू आणि जाणीव देणारा पाचवा यांतील भेद चार्ल्स बेल यांच्या अभ्यासातून १८२० च्या दशकात उलगडेपर्यंत शल्यवैद्य वेदनेसाठी सातवा मज्जातंतू कापत होते, ज्यामुळे रुग्णाचा चेहरा लुळा पडे आणि कळ मात्र जागच्या जागी राही.

सुई युरोपात या सगळ्याच्या आधीच पोहोचली होती. डच ईस्ट इंडिया कंपनीचा वैद्य विलेम टेन ऱ्हाइने याने जपानमधील वास्तव्यात पाहिलेल्या सुईच्या उपचाराचे वर्णन १६८३ मध्ये लंडनहून छापले आणि ॲक्युपंक्चर हे लॅटिन घडणीचे नाव युरोपात रूढ केले. पण प्रत्यक्ष प्रयोग व्हायला सव्वाशे वर्षे गेली. फ्रान्समध्ये संगीतकार बेर्लिओझचे वडील लुई बेर्लिओझ यांनी १८१० पासून सुया वापरल्या आणि १८१६ मध्ये त्यांवर लिहिले, १८२१ मध्ये लंडनच्या जेम्स मॉर्स चर्चिल याने पुस्तक काढले, १८२५ मध्ये पॅरिसच्या सार्लांदियेर याने सुयांतून विजेचा प्रवाह सोडला आणि १८२६ मध्ये फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन बेश याने तुरुंगातील कैद्यांसह अनेक रुग्णांवरील अनुभव प्रसिद्ध केले, ज्यांत मज्जातंतुशूलाचे रुग्णही होते. या मंडळींनी बिंदू, वाहिन्या आणि नाडीपरीक्षा हे सर्व बाजूला ठेवून, दुखते तेथे सुई खुपसावी एवढाच अर्थ घेतला. काही वर्षांतच ही लाट ओसरली. योगायोग असा की खुद्द चीनमध्ये १८२२ मध्ये दाओग्वांग सम्राटाने राजवैद्यकीय संस्थेतील सुई आणि मॉक्सा यांचा विभाग बंद करण्याचा हुकूम काढला, कारण सम्राटाच्या देहावर सुई टोचणे त्याला अयोग्य वाटले; त्यानंतर हा उपचार दरबारातून हटून गावोगावच्या सामान्य वैद्यांच्या हाती राहिला.

औषधाच्या बाजूने खरी वाट दाखवली ती एका साम्याच्या जाणिवेने. १८५३ मध्ये आर्मां त्रूसो या फ्रेंच वैद्याने ध्यानात आणून दिले की या कळा अपस्माराच्या, म्हणजे फेफऱ्याच्या झटक्यांप्रमाणे अकस्मात येतात आणि अकस्मात जातात. त्यावरून त्याने या विकाराला अपस्मारसदृश मज्जातंतुशूल म्हटले. ही कल्पना त्या काळी निरुपयोगी ठरली, कारण अपस्मारावरच धड औषध नव्हते. १९३८ मध्ये मेरिट आणि पटनम या अमेरिकी वैद्यांनी फेनिटॉइन हे औषध अपस्मारावर गुणकारी असल्याचे दाखवले आणि १९४२ मध्ये बोर्दो येथील बेर्गुइन्यां याने तेच औषध चेहऱ्याच्या कळांवर देऊन यश मिळवले. बाझेल येथील गायगी कंपनीत वाल्टर शिंडलर या रसायनशास्त्रज्ञाने १९५३ मध्ये कार्बामाझेपिन तयार केले आणि १९६२ मध्ये सिगफ्रिड ब्लोम या स्वीडिश मज्जाविकारतज्ज्ञाने ते या विकारात अत्यंत प्रभावी असल्याचे ‘लॅन्सेट’ या नियतकालिकातून जाहीर केले. १९६६ पासून रुग्णांना खरे औषध व निष्क्रिय गोळी आलटून पालटून देणाऱ्या चाचण्या झाल्या, विरामामुळे होणारी फसवणूक अशा तुलनेने बऱ्याच अंशी टळली आणि कार्बामाझेपिन टिकले. आजही या विकारावर सर्वांत आधी तेच लिहून दिले जाते, आणि त्याने आराम पडणे हे निदान बरोबर असल्याचे एक गमक मानले जाते.

हे औषध मज्जातंतूच्या आवरणातील सोडियमचे मार्ग रोखून धरते, विशेषतः जे मार्ग वेगाने पुन्हापुन्हा उघडत असतात ते, म्हणून अतिउत्तेजित तंतू शांत होतो. परंतु मेंदूतील इतर तंतूंवरही त्याचा अंमल चालतो. झापड येणे, चक्कर, चालताना तोल जाणे, रक्तातील सोडियम घटणे, यकृतावर ताण आणि क्वचित पांढऱ्या रक्तपेशी कमी होणे हे त्याचे दुष्परिणाम ठाऊक आहेत. शिवाय यकृत या औषधाला सरावते आणि ते अधिक वेगाने मोडू लागते, त्यामुळे काही आठवड्यांनी तीच मात्रा कमी पडते. सत्तरीतल्या रुग्णाला दिवसाला १,००० ते १,२०० मिलिग्रॅम मात्रा घेऊन घरात वावरणे अवघड होते, आणि सांगड उपचाराची सारी कथा या एका अडचणीतून सुरू होते. शल्यचिकित्सेने स्वतंत्रपणे प्रगती केली : १८९० च्या दशकात मज्जातंतूची गाठच काढून टाकण्याच्या शस्त्रक्रिया सुरू झाल्या, विसाव्या शतकाच्या आरंभी अल्कोहोलची इंजेक्शने आली, १९३४ मध्ये वॉल्टर डँडी याने मज्जातंतूच्या मुळाला चिकटलेल्या रक्तवाहिनीकडे बोट दाखवले आणि १९६७ मध्ये पीटर जॅनेटा याने ती वाहिनी सूक्ष्मदर्शकाखाली दूर सारून मध्ये गादी ठेवण्याची शस्त्रक्रिया मांडली. ज्या रुग्णांना कवटी उघडणे झेपत नाही किंवा नको असते त्यांच्यासाठी प्रश्न औषधाच्या मात्रेवरच येऊन थांबतो.

चीनमध्ये दरम्यान सुईचे पुनरुज्जीवन होत होते आणि ते आधुनिक शरीररचनाशास्त्राच्या आधारानेच झाले, ही गोष्ट परंपरेचा गौरव करणाऱ्या लेखनात बहुधा गाळली जाते. १९२९ मध्ये राष्ट्रवादी सरकारच्या आरोग्य समितीपुढे पारंपरिक वैद्यक संपुष्टात आणण्याचा प्रस्ताव आला आणि देशभरातील वैद्यांच्या विरोधामुळे तो बारगळला. त्याच पिढीतील छंग तान-आन याने बिंदूंच्या जागा शवविच्छेदनाच्या ज्ञानाशी पडताळून रक्तवाहिन्यांपासून दूर, मज्जातंतूंच्या मार्गावर निश्चित केल्या आणि बारीक, निर्जंतुक सुईचा आग्रह धरला. पाश्चात्त्य वैद्यक शिकलेल्या आणि क्रांतिकारकांच्या सैन्यात काम केलेल्या चू ल्येन या डॉक्टर स्त्रीने १९५१ मध्ये ‘नवे सुई-मॉक्सा शास्त्र’ या अर्थाचे पुस्तक लिहिले, ज्यात सुईचा परिणाम वाहिन्यांतील प्राणप्रवाहाऐवजी मज्जासंस्थेच्या उत्तेजनाने आणि अवरोधाने समजावला होता. डॉक्टर अगदी थोडे आणि रुग्ण कोट्यवधी अशा देशात स्वस्त सुई हे राज्यकर्त्यांना वरदान वाटले. १९५५ मध्ये पेकिंगला पारंपरिक वैद्यकाची अकादमी निघाली, पाश्चात्त्य पद्धतीच्या डॉक्टरांना पारंपरिक वैद्यकाचे वर्ग सक्तीचे झाले आणि दोन्ही वैद्यकांचा संयोग हे अधिकृत धोरण ठरले. एकाच रुग्णालयात, एकाच रुग्णाच्या कागदावर गोळी आणि सुई शेजारी शेजारी लिहिली जाण्याची पद्धत या धोरणातून आली. तिच्यामागे जितके वैद्यकीय कारण होते तितकेच राजकीय आणि आर्थिकही होते, हे मान्य केल्याने तिचे मोल कमी होत नाही.

या इतिहासाचा एक धागा महाराष्ट्राला थेट येऊन भिडतो. सप्टेंबर १९३८ मध्ये मुंबईहून चीनकडे निघालेल्या भारतीय वैद्यकीय पथकात अटल, मुखर्जी, नागपूरचे चोळकर, सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस आणि बंगालचे विजयकुमार बसू असे पाच डॉक्टर होते. कोटणीस डिसेंबर १९४२ मध्ये अपस्माराच्या झटक्यांनी उत्तर चीनमध्येच कालवश झाले. बसू मायदेशी परतले आणि १९५० च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला जाऊन सुईचा उपचार शिकून आले. कोलकात्यात त्यांनी सुरू केलेल्या कामातून भारतातील ॲक्युपंक्चरची परंपरा उगवली आणि पुढे कोटणीसांच्या स्मृतीसाठी स्थापन झालेल्या समितीने ठिकठिकाणी केंद्रे उघडून ती वाढवली. कोटणीस महाराष्ट्राला ठाऊक आहेत ते रणांगणावरील सेवेसाठी आणि शांतारामबापूंच्या चित्रपटामुळे. त्यांच्या नावाने चाललेल्या या कार्याची आठवण मात्र मराठीत फारशी निघत नाही, याची खंत वाटते.

जगाचे लक्ष सुईकडे वळले ते १९७१ च्या जुलैत, जेव्हा ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे पत्रकार जेम्स रेस्टन यांनी पेकिंगमधील आंत्रपुच्छाच्या शस्त्रक्रियेनंतर स्वतःवर झालेल्या सुईच्या उपचाराची हकिगत लिहिली. १९७९ मध्ये पेकिंग येथे भरलेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या परिसंवादाने ॲक्युपंक्चरला योग्य अशा विकारांची जी यादी केली तिच्यात त्रिशाखी मज्जातंतुशूलाचा समावेश होता. ही यादी आजही अनेक दवाखान्यांच्या भिंतींवर झळकते. ती चिकित्सकांच्या अनुभवावर आधारलेली होती, नियंत्रित चाचण्यांवर नव्हे, हे मात्र भिंतीवर लिहिलेले नसते.

सांगड उपचाराची प्रत्यक्ष रीत पाहिली तर तिच्यात शरीररचनेचे ज्ञान पदोपदी दिसते. गालावरील सिबाई हा बिंदू डोळ्याच्या खोबणीखाली हाडाला जे छिद्र असते, ज्यातून दुसऱ्या शाखेचा फाटा बाहेर पडतो, नेमक्या त्यावर येतो. कानासमोर, गालफडाच्या हाडाच्या कमानीखाली असलेल्या श्यागुआन या बिंदूतून सुई खोल नेली की ती तिसऱ्या शाखेच्या दिशेने जाते आणि अल्कोहोलचे इंजेक्शन बाजूने देणारे युरोपीय डॉक्टरही याच खाचेतून आत शिरत असत. दोन अगदी भिन्न परंपरांचे हात एकाच जागी पोहोचावेत, हे विलक्षण आहे. जेथे नुसत्या स्पर्शाने कळ उठते त्या भागात सुई टोचणे धोक्याचे असल्याने जाणता चिकित्सक तीव्र अवस्थेत हगूसारख्या दूरच्या बिंदूंपासून आरंभ करतो, काही वेळा चेहऱ्याच्या निरोगी बाजूला सुया लावतो आणि कळांचा जोर ओसरल्यावरच दुखऱ्या बाजूकडे वळतो. सुया साधारण अर्धा तास ठेवतात, अनेक ठिकाणी त्यांतून सौम्य विद्युत्प्रवाह सोडतात आणि कार्बामाझेपिनची गोळी या काळात चालूच राहते. आराम टिकतो असे दिसले की डॉक्टर गोळीची मात्रा पायरीपायरीने उतरवतो. ती एकाएकी बंद केल्यास कळा उसळून येतात.

सुईने वेदना का शमावी याचे एक उत्तर पेकिंगचे हान जी-शंग यांनी १९६० च्या दशकाच्या मध्यापासून शोधायला घेतले. सुईतून सोडलेल्या प्रवाहाच्या वारंवारितेनुसार मज्जासंस्थेत निरनिराळी अफूसदृश द्रव्ये स्रवतात, सेकंदाला २ स्पंदनांना एक तर १०० स्पंदनांना दुसरे, असे त्यांच्या गटाला आढळले; अफूचा परिणाम रोखणारे नॅलोक्सोन दिले की सुईचा वेदनाशामक परिणाम घटतो, हे १९७०च्या दशकात कॅनडा आणि अमेरिकेतील संशोधकांनीही दाखवले. येथे एक पेच उरतो आणि त्याची दखल घेणारे लेखन फार थोडे आहे. अफू व तिच्या कुळातील औषधे त्रिशाखी मज्जातंतुशूलात विशेष उपयोगी पडत नाहीत, हा एकोणिसाव्या शतकापासूनचा अनुभव आहे. मग शरीरात तयार होणाऱ्या अफूसदृश द्रव्यांनी ही कळ कशी थांबावी? सुईचा उपयोग होत असेल तर तो दुसऱ्या काही मार्गाने, किंवा झटक्यांच्या मधल्या काळात रेंगाळणारी ठणक, जबड्याच्या स्नायूंचा ताण आणि सततची धास्ती यांवर होत असावा, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. रुग्णाच्या दृष्टीने तेही कमी नाही.

चिनी नियतकालिकांत गेल्या काही दशकांत सुई विरुद्ध कार्बामाझेपिन आणि सुईसह कार्बामाझेपिन विरुद्ध नुसते कार्बामाझेपिन अशा तुलनांचे अनेक अहवाल आले. त्यांचे एकत्रित आढावे सामान्यतः सांगतात की सांगडीत वेदना अधिक घटते आणि दुष्परिणाम कमी दिसतात. आणि तेच आढावे लगेच बजावतात की चाचण्या लहान आहेत, पाठपुरावा अल्प आहे आणि कोणाला कोणता उपचार मिळाला हे रुग्णापासून लपवलेले नाही. १९९८ मध्ये अँड्र्यू विकर्स आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले होते की चीनमधून प्रसिद्ध झालेल्या ॲक्युपंक्चरच्या ज्या चाचण्या त्यांनी तपासल्या, त्या सगळ्याच यशस्वी ठरल्या होत्या, आणि कोणत्याही देशात प्रत्येक प्रयोग यशस्वी होत असेल तर अपयशी प्रयोग छापले जात नाहीत असाच संशय घ्यावा लागतो. काही महिन्यांच्या विरामाचा संभव असलेल्या विकारात चार आठवड्यांची चाचणी फारसे सिद्ध करत नाही. लोहक्षाराची आणि हेमलॉकची सरशी अशाच अपुऱ्या काळाच्या निरीक्षणावर उभी होती.

तरीही सांगडीचा प्रश्न पूर्व आशियात विशेष निकडीचा का आहे, याचे उत्तर २००४ मध्ये तैवानहून आले. कार्बामाझेपिनमुळे क्वचित त्वचा आणि श्लेष्मल आवरणे सोलून निघण्याचा प्राणघातक विकार होतो, ज्याला स्टीव्हन्स-जॉन्सन लक्षणसमूह म्हणतात. तैवानमधील अशा ४४ रुग्णांपैकी सर्वांच्या पेशींवर एचएलए-बी*१५०२ ही आनुवंशिक खूण सापडली, तर औषध सोसलेल्या १०१ जणांपैकी अवघ्या तिघांवर. हान चिनी लोकांत ही खूण बऱ्याच प्रमाणात आढळते आणि युरोपीयांत जवळजवळ नाही, म्हणून युरोपात तयार झालेल्या औषधाचा हा धोका चाळीस वर्षे पुरता उमगला नव्हता. २००७ च्या डिसेंबरात अमेरिकेच्या औषध प्रशासनाने आशियाई वंशाच्या रुग्णांत औषधापूर्वी ही तपासणी करण्याची सूचना दिली, आणि भारतीय रुग्णांतही या खुणेचा आणि या विकाराचा संबंध आढळला आहे. ज्यांच्यात ही खूण आहे त्यांच्यासाठी कार्बामाझेपिनची वाट जवळपास बंद होते आणि जवळच्या रचनेमुळे ऑक्सकार्बाझेपिनही निर्धोक ठरत नाही. बॅक्लोफेन किंवा गॅबापेंटिनसारखी तुलनेने सौम्य औषधे आणि त्यांच्या जोडीला सुई हा विचार मग गांभीर्याने करावा लागतो.

केंद्र सरकारने २००३ मध्ये ॲक्युपंक्चरला उपचाराची एक रीत म्हणून आणि २०१९ मध्ये स्वतंत्र पद्धती म्हणून मान्यता दिली. महाराष्ट्राने २०१५ चा ॲक्युपंक्चर चिकित्सापद्धती अधिनियम करून या व्यवसायाला नोंदणीची आणि परिषदेची चौकट दिली. या चौकटीमुळे एक नवी शक्यता निर्माण झाली आहे. त्रिशाखी मज्जातंतुशूलाचा रुग्ण बहुधा दंतवैद्याकडून मज्जाविकारतज्ज्ञाकडे आणि तेथून, गोळीचे दुष्परिणाम सोसेनासे झाले की, सुई लावणाऱ्याकडे जातो, आणि या तिघांच्या कागदांचा एकमेकांशी संबंध नसतो. मज्जातंतू दाबणारी गाठ किंवा बहुविध कठिनता म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस हा विकार नाही याची एमआरआय चित्रणाने खात्री झाल्यावरच सुई सुरू करावी, गोळी लिहून देणाऱ्या डॉक्टरला तसे कळवावे, आणि दोघांच्याही नोंदवहीत कळांची रोजची संख्या, गोळीची रोजची मात्रा, रक्तातील सोडियम आणि यापूर्वीच्या विरामांच्या तारखा किमान वर्षभर मांडाव्यात, अशी व्यवस्था नोंदणीकृत चिकित्सकांकडून करून घेणे आता परिषदेला शक्य आहे. दिवसाला ८०० मिलिग्रॅम घेणारा रुग्ण सुईच्या जोडीने ४०० वर आला आणि त्याच्या मागील विरामांपेक्षा अधिक काळ तेथेच राहिला, अशा शंभर काळजीपूर्वक नोंदी जमल्या तरी त्यांचे वजन भिंतीवरच्या यादीहून अधिक भरेल.